दुपारीच बिघडणारं मशीन

पिल्लूने बाटलीकडे असं पाहिलं, जणू कुणी तिला लाच देऊ करतंय. मग ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि जो सूर लावला तो खालच्या मजल्यावरच्यांनाही एव्हाना पाठ झाला असेल.

“तुझ्यावर गेलीय,” मनीचा नवरा म्हणाला. “नको म्हणजे नको.”

ओट्यावर बाटल्यांची रांग लागली होती. एक बुटकी, एक लांब मानेची, आणि एक दुकानातल्या बाईंनी छातीठोकपणे दिलेली. “ही घेणार नाही असं बाळ अजून जन्माला यायचंय,” त्या म्हणाल्या होत्या. ते बाळ जन्माला आलं होतं. पाचवा महिना चालू होता, अंगाने चांगलं गुटगुटीत होतं, आणि आईच्या कुशीखेरीज दुधाचा थेंब कुठूनही घ्यायचा नाही असा हट्ट धरून बसलं होतं.

आणि सोमवारी मनीला कामावर हजर व्हायचं होतं.

शहराच्या नळांना जाणारं पाणी आधी मनीच्या प्रयोगशाळेत तपासलं जायचं. तिची रजा वाढवून झाली होती, वाढवलेली पुन्हा वाढवून झाली होती. परत विचारायला गेली तेव्हा विभागप्रमुख बाईंनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा आला त्यावरूनच मनी काय ते समजली. “सोमवारी आलीस तर जागा तुझी,” बाई म्हणाल्या. “नाही आलीस तर मला दुसरं कुणी घ्यावं लागेल. मग माझ्याही हातात काही उरत नाही.”

नवरा बस चालवायचा. अंधार असतानाच घराबाहेर पडायचा आणि दुपार कलल्यावर परतायचा. स्वभावाने मऊ माणूस. “सोडून दे ना मग,” तो पिल्लूला खांद्यावर थोपटत म्हणाला. “वर्षभराने दुसरी मिळेल. काय नडलंय? मी आहे की.”

“तू सोड.”

“आणि पाजू काय मी?”

“बाटली ती माझ्याकडूनही घेत नाही. त्या बाबतीत तू आणि मी सारखेच.”

तो हसला. मनीला हसू आलं नाही. तिला ती नोकरी हवी होती. आजीने तर ती अख्ख्या इमारतीत मिरवली होती. एकदा आजी प्रयोगशाळा बघायला आली, ओळीने मांडलेले नमुने बघून म्हणाली, “म्हणजे सगळ्या गावाच्या आधी पाणी तू चाखतेस?”

“चाखत नाही गं आजी, तपासते.”

“तेच ते. तू हो म्हटल्याशिवाय इथलं कुणी पाणी पीत नाही. आणि मी मेली या गावात उतरले तेव्हा तहान लागलीय हे कुणाला कसं सांगायचं, तेही मला कळत नव्हतं.” मग तिने तिथल्या शिपायालाही थांबवून सांगितलं, “ही माझी नात बरं का.” शिपायाला मराठी येत नव्हती, पण त्याने आदराने मान डोलावली. आजीचं असंच चालायचं. तिला इथली भाषा शेवटपर्यंत धड आली नाही आणि तिचं कुणाशी बोलायचं कधी अडलंही नाही.

मनी हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी ती कोपऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टुकुटुकु बघत राहायची, म्हणून आजीने तिला मनी केलं. आणि मनीला मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्यातच जाहीर केलं, की हे पिल्लू. ठरलंही तेव्हाच होतं: मनी कामावर गेली की पिल्लूला आजी बघणार. ऐंशी उलटलेल्या बायका स्वतःला बघायला माणूस शोधतात. पण तसं म्हटलं की आजी म्हणायची, “तुझ्या आईला वाढवलं, तुला वाढवलं. ही काय मोठी लागून गेलीय?”

महिन्यापूर्वी आजी खिडकीशी खुर्चीत बसून मटार सोलत होती. सोलता सोलताच गेली. आजार नाही, निरोप नाही. अर्धे दाणे ताटलीत, अर्धे शेंगांत.

मग मनीने आईला विचारलं. आई नुकतीच निवृत्त झाली होती. जन्मभर न्यायालयात टायपिंग केलेली बाई. बोलणंही तसंच, मोजकं, खाडाखोड नसलेलं. “पिल्लूला तू बघशील का?” असं मनीने विचारल्यावर आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “मला नाही जमायचं.” मनीने त्यानंतर विषय काढला नाही, पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. “मावशी येणार आहे, आजीचं कपाट आवरायला. तूही ये.”

*

आजीचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आजीबरोबर आईही तिथेच राहायची. जिना अरुंद, कठडा लाकडी, वरून हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. याच जिन्यावरून आजी इमारतीत नवीन येणाऱ्या प्रत्येकीच्या दाराशी पोचलेली. बाई कुठल्या देशाची, कुठल्या भाषेची, याची आजीला फिकीर नसे. हातात काहीतरी गरम घेऊन ती उभी राहायची आणि खुणा करून सांगायची की नळ आधी डावीकडे फिरवायचा, मग उजवीकडे, नाहीतर पाणी तोंडावर उडतं. वर्षानुवर्षं त्या इमारतीत नव्या बाईची पहिली ओळख आजीशी व्हायची आणि दुसरी त्या नळाशी.

मावशी अशीच जोडलेली. नात्याची नव्हे, भाषेची नव्हे, देशाचीही नव्हे. दोघी एकाच सुमाराला लाँड्रीत कामाला लागल्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. इथली भाषा दोघींनाही येत नव्हती. मग दोघींनी मराठी धरली, कारण आजी बोलायची थांबतच नसे आणि मावशीला दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे मावशीच्या तोंडी मराठी म्हणजे अख्खी आजीच. तेच हेल, त्याच शिव्या. फक्त बाईमाणूस-बाप्यामाणूस असा फरक ती करत नसे.

“अगं ए जावई,” दार उघडताच ती मनीच्या नवऱ्याला म्हणाली. “वाळलीस गं! ही खायला घालत नाही का तुला?”

“नाही ना मावशी,” तो म्हणाला. पिल्लूची पिशवी ठेवून तो हसत हसत कामावर गेला. शनिवारी त्याची फेरी उशिराची असायची.

आई कपाटापुढे बसली होती. चादरी, उशांचे अभ्रे, जुने टॉवेल. आजीच्या कपाटात दुसरं होतं काय! आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री केलेल्या बाईला स्वतःच्या चादरीवर एक सुरकुती खपायची नाही.

मनीने बाटली काढली. “मावशी, तू देऊन बघतेस?”

“आण इकडे.” मावशीने पिल्लूला मांडीवर घेतलं. मनी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहिली. पुस्तकांत लिहिलेलं सगळं तिने वाचलं होतं. आईने समोर असू नये. दूध कोमट हवं. बाळ फार भुकेलं नसावं, आणि पोट भरलेलंही नसावं. पहिली किंकाळी आली तशी तिने कपाळ दाराला टेकवलं. दुसरी आली. तिसरीला ती बाहेर.

“मांजरे!” मावशी ओरडली. “बाहेर हो म्हटलं की बाहेर व्हायचं. दाराआड नाही. जिन्यात जा. तुझा वास येतो तिला.”

मनी जिन्यात गेली. पायरीवर बसली. आतला आवाज वर चढत गेला, मग त्या आवाजाला अध्येमध्ये खोकला येऊ लागला, आणि मनीला कळायच्या आत तिचे पाय परत आत आले होते. तिने पिल्लूला ओढून घेतलं, छातीशी धरलं. खोलीत एकदम शांतता झाली. नुसता गुटक-गुटक आवाज.

“नाही घेत ती,” मनी म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. “मी उद्या बाईंना फोन करते. नाही येत म्हणून सांगते. संपलं.”

“हं,” मावशी म्हणाली. “तुझी आजी अशीच. रोज पळायची.”

“कुठे पळायची?”

“तारेपाशी.”

“कुठल्या तारेपाशी?”

मावशीने नवलाने आधी मनीकडे, मग आईकडे बघितलं. आईच्या हातातली घडी अर्धवट थांबली होती.

आता हे सांगायला हवं, की आजीच्या कामाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आजोबांनी तिला समुद्रापलीकडून इथे बोलावून घेतलं आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत स्वतःच तापाने गेले. मांडीवर आई, काही महिन्यांची. तिकडून नातेवाइकांची पत्रं आली की परत ये. आजी म्हणाली, परत जाऊन काय करू? तिथे दहा जणं कीव करतील. इथे मला कुणी ओळखत नाही, तर कीव कोण करणार? आणि ती लाँड्रीत लागली. बाळ शेजारणीकडे ठेवलं. पुढचा भाग आजी नेहमी हात हलवून सांगायची: “मला वाटलं पोरगी रडून घर डोक्यावर घेईल. कसलं काय! पहिल्याच दिवशी गपागप दूध प्यायली शहाणी. मी निघाले तर वळूनसुद्धा बघितलं नाही माझ्याकडे!” सगळे हसायचे. आणि मनीने लहानपणापासून एक टिपलं होतं: नेमकं त्याच जागी आईला काहीतरी आठवायचं आणि ती उठून आत जायची.

“मी तर पहिल्याच दिवशी दूध प्यायले होते,” आई म्हणाली.

“पहिल्या दिवशी?” मावशी म्हणाली. “अगं बाई! तू? तू बाटली बघितली की थुंकायचीस. शेजारीण म्हणायची, पोरगी आहे की नळ!”

आई म्हणाली, “पण ती तर सांगायची…”

“मग काय सांगायचं? माझं पोर रडत होतं आणि मी मशीनमध्ये चादरी घालत होते, असं सांगायचं? चहा पिताना? पाहुण्यांसमोर?” मावशीने आईच्या हातातली चादर ओढली आणि उभी राहिली. “ऊठ. ते टोक धर. हिला दाखवते.”

आईने दोन टोकं धरली, मावशीने दोन. चादर दोघींमध्ये ताणली गेली.

“आमचं इस्त्रीचं मशीन हे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गरम रूळ. आजी त्याला सासूबाई म्हणायची. कायम तापलेली, एकदा चालू झाली की थांबत नाही, आणि कितीही दिलं तरी पुढे काय म्हणून विचारते.” मावशी खुदकन हसली. “मी या बाजूला, आजी त्या बाजूला. ओली चादर, एक टोक तिचं, एक माझं. ताणायची, कड सरळ धरायची, सासूबाईच्या तोंडात द्यायची. दोघींनी एकदम. एकीचा हात मागे राहिला की चादर वाकडी जाते. मग तिरपी सुरकुती पडते, खांद्यापासून कमरेपर्यंत. ती सुरकुती हाताने जात नाही. परत धुवायची.”

“बरं,” मनी म्हणाली.

“दुपारी शेजारीण तुझ्या आईला घेऊन यायची. लाँड्रीच्या मागे तारेचं कुंपण होतं. पोर भुकेने लालबुंद. तुझी आजी टोक सोडून पळायची, तारेपाशी जाऊन पाजायची. आणि मी एकटी. सोड, तू सोड आता टोक.” आईने सोडलं. मावशी चादरीच्या मधोमध उभी राहिली, हात जमतील तेवढे लांब केले, कड दोन्हीकडे चिमटीत पकडली आणि कल्पनेतल्या मशीनकडे पाऊल टाकलं. मधला भाग झोळीसारखा लोंबला. “बघितलंस? माझे हात लांब, तरी पुरत नव्हते. प्रत्येक चादर वाकडी. मुकादमीण आली. चादरी बघते, सासूबाईकडे बघते, परत चादरी बघते. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारीच वाकडी! तिने काय केलं असेल?”

“तुम्हाला पकडलं?”

“मिस्त्रीला बोलावलं! म्हणाली, दुपारी मशीन बिघडतं.”

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसू होतं हे कळायला मनीला जरा वेळ लागला.

“मिस्त्री आला. भली होती. थोडी ढ, पण भली,” मावशी म्हणाली. मिस्त्रीही तिच्या लेखी बाईच. “तिने मशीन बंद केलं, झाकण उघडलं, आत डोकं घातलं. काही सापडेना. सापडणार काय? पण मशीन बंद, म्हणजे आम्ही मोकळ्या, म्हणजे आजीला वेळच वेळ. मग परत चालू केलं तर चादर सरळ! मिस्त्री खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी परत वाकडी. परत मिस्त्री. असं चाललं होतं. मग एकदा ती विडी ओढायला मागे गेली आणि तारेपाशी तुझी आजी दिसली, पदराखाली पोर. आम्ही म्हटलं, मेलो. मिस्त्री आत आली, पाना उचलला, मुकादमिणीला म्हणाली, बाई, दोष जुना आहे, रोज दुपारी थोडं थोडं काम करावं लागेल.”

आता तिघी हसत होत्या. मनीच्या मांडीवर पिल्लूही दूध सोडून कोण काय म्हणतंय ते बघू लागली. आईने डोळ्यांच्या कडा पुसल्या. “मग?” तिने विचारलं. “मग मी कधी…”

मावशीचं हसू हळूहळू उतरलं. तिने चादर उशीसारखी पोटाशी धरली.

“मग साथ आली. दवाखाने भरले. चादरींचे डोंगर. मालक स्वतः येऊन उभी, म्हणाली मशीन एक मिनिट थांबणार नाही. मिस्त्रीला दुसरीकडे पाठवलं. दुपार झाली. तू तारेपाशी. तुझा आवाज आत येत होता, एवढ्या घरघरीतून. मी आजीला म्हटलं, जा, मी धरते. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, जा गं, वाकडी तर वाकडी. ती म्हणाली, आज वाकडी गेली तर दोघींची नोकरी जाईल, मग या पोरीला या गावात मी काय म्हणून वाढवू? टोक धर. आणि तिने धरलं. तिच्या अंगावरचे कपडे पुढून सगळे भिजले, दुधाने. डोळ्यांचं पाणी पुसायला हात नाही, दोन्ही हात चादरीत. पण एक चादर वाकडी गेली नाही. एकसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं ही बाई काय आहे.”

मावशीने पोटाशी धरलेल्या चादरीची कड सरळ केली.

“शेजारणीने बाटली टाकून दिली. वाटी-चमचा घेतला. तू थुंकलीस, तिला बोचकारलंस, आणि मग दमून दोन घोट घेतलेस. संध्याकाळी आजी धावत घरी गेली, चप्पल तुटली ती वाटेत टाकून. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत तेच. सोपं नाही झालं लगेच, कोण म्हणतं सोपं झालं? पण ती तारेपाशी गेली नाही आणि तू प्यायला शिकलीस.”

आईने मावशीच्या हातून चादर घेतली. एकटीने तिची घडी घातली, कडा जुळवल्या, वर हात फिरवला. मग चादरीकडेच बघत बोलू लागली, आणि मनीने तिला एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“मला आयुष्यभर वाटायचं, की मी जन्मतःच कोरडी आहे. आई सोडून गेली तर बाकीची मुलं रडतात. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. ती हसून सांगायची, सगळे हसायचे. मला वाटायचं, खरंच असेल. मग तू झालीस. तुला आईच्या हातात दिलं आणि मी ऑफिसला निघाले. मला वाटलं, माझ्यापेक्षा तिच्याकडेच बरी. तू विचारलंस तेव्हा नाही म्हटलं ते म्हणूनच. असल्या बाईच्या हातात कुणी कशाला द्यावं बाळ?”

“आई…” मनी म्हणाली.

“तू बोलू नकोस. तू बोललीस की मी रडेन, आणि मला अजून अर्धं कपाट आवरायचंय.” तिने नाक ओढलं. “फोन करायचा नाही बाईंना. सोमवारी हिला इकडे आण. त्या बाटल्या आणू नकोस. वाटी-चमचा माझ्याकडे आहे.”

“आणि नाही प्यायली तर?”

“तर रडेल. मी काही वितळत नाही.”

“वा गं वा!” मावशी म्हणाली आणि टॉवेलांच्या ढिगात हात घातला.

*

सोमवारी मनीने दूध कसं गरम करायचं ते सांगितलं, मग परत सांगितलं. चमचा खालच्या ओठावर टेकवायचा, घशात ओतायचं नाही. ढेकर काढायचा. ताप वाटला तर फोन. हिरवी शी झाली तर फोन. उगाच वाटलं तरी फोन.

“पन्नास जणांची उलटतपासणी टाइप केलीय मी,” आई म्हणाली. “लक्षात राहतं मला. जा.”

मनी निघाली. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा वर आवाज सुरू झाला. पहिल्या मजल्यावर तो शिगेला पोचला. एका दाराआडून कुणीतरी डोकावलं आणि मनीचा चेहरा बघून काही न विचारता दार हळूच ओढून घेतलं. मनीने कठडा धरला. पुढची पायरी. त्याच्या पुढची पायरी. बाहेर रस्त्यावर आल्यावर तो आवाज खरा येतोय की नुसता कानात आहे, ते तिला सांगता आलं नसतं.

प्रयोगशाळेत सगळं जिथल्या तिथे होतं. तिचा पांढरा कोट खुंटीला, नमुने ओळीने, काचेच्या भांड्यांना साबणाचा तोच वास. तिने कोट घातला, हात धुतले, हातमोजे चढवले आणि कामाला लागली. पहिला नमुना तपासताना लक्ष उडालं, म्हणून तिने तो पुन्हा पहिल्यापासून तपासला. दुसरा नीट झाला.

दुपारी खिशात फोन थरथरला. आईने लिहिलं होतं, सगळ्या पूर्णविरामांसकट:

“अजून नाही प्यायली. रडते आहे. ताप नाही. शी नेहमीसारखी. मावशी आली आहे. तू येऊ नकोस.”

मनीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्या छातीत दूध दाटलं होतं, कोटाच्या आत गारगार ओल पसरत होती. पिशवी तिथेच होती, खुर्चीला अडकवलेली. बसथांबाही लांब नव्हता.

विभागप्रमुख बाई शेजारून जाता जाता थांबल्या. “सगळं ठीक ना? घरी जायचं असेल तर आजचा पहिला दिवस आहे, मी काही म्हणणार नाही. उद्याचं उद्या बघू.”

त्या मनापासून म्हणत होत्या. मनीला ते दिसत होतं, आणि हेही दिसत होतं की आज गेली तर उद्याही जाईल, मग परवा पिशवी आवरायलाच येईल. आईही उद्या परत म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं, मला नाही जमायचं.

“नाही बाई,” ती म्हणाली. “हे नमुने आजच व्हायला हवेत ना?”

“व्हायला हवेत.”

“मग करते.”

तिने फोन खणात टाकला आणि खण लावून घेतला. मग कोटाच्या आत रुमालाची घडी ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि पुढचा नमुना हातात घेतला. नंतर कधीतरी खणातून एकदा गुणगुण आली. तिने वळून बघितलं नाही. आधी हातातलं पुरं केलं, नोंद केली, सही केली. काम संपल्यावरही तिने फोन नुसता पिशवीत टाकला, तसाच, न वाचता. वाचलं असतं तर बसपर्यंत पाय चालले नसते.

जिन्यात आवाज नव्हता. सकाळच्या त्या रडण्यापेक्षा ही शांतता भयंकर होती. मनी दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. ज्या बाईचा केस कधी हललेला कुणी पाहिला नव्हता तिचा अंबाडा सुटून खांद्यावर आला होता. गालावर ओरखडा. अंगावर गळ्यापासून कमरेपर्यंत दुधाचे डाग, वाळलेले आणि ओले. शेजारी वाटी पालथी, चमचा कुठेतरी खुर्चीखाली. मावशी बसल्या जागी तोंड उघडं टाकून झोपली होती. आणि आईच्या मांडीवर पिल्लू, जागी, सुजलेल्या डोळ्यांनी तिच्या गळ्यातली माळ ओढत.

“किती प्यायली?” मनीने कुजबुजत विचारलं.

“दुपारपर्यंत काही नाही. मग चार चमचे. मग तिने माझ्या तोंडावर फवारा मारला. मग पुन्हा सात-आठ. शेवटी वाटी हातात धरूनच बसली, सोडेना.” आईने हे एखादा जबाब वाचून दाखवावा तसं सांगितलं. फक्त आवाज बसला होता. “रडली पुष्कळ. मीही थोडी रडले. मग मात्र दोघी गप्प झालो.”

पिल्लूने मनीला पाहिलं. तोंड वाकडं केलं, हात पसरले. मनी खाली बसली आणि तिने मुलीला घेतलं. आई उठली. दोन्ही गुडघे कडकड वाजले. तिने पदराने स्वतःचा गाल पुसला, चमचा शोधून काढला आणि नळाखाली धरला.

“उद्या जरा लवकर सोड हिला,” ती पाठमोरीच म्हणाली. “आणि दूध जास्त आण. अर्धं माझ्यावरच जातंय.”